अळणी उन्हाळा

मी एकदा सासूच्या लघवीत माझी लघवी मिसळली होती.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, गॅसवरचं दूध बघून आले आणि परत वाचलं. खोडावंसं वाटलं नाही. पन्नास वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आहे, आणि आता झाकण उघडायला निमित्त मिळालंय. परवा तपासणीच्या दुकानातल्या मुलीनं माझ्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन दिला आणि म्हणाली, "आजी, सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची चोवीस तासांची सगळी ह्यात. एक थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही हं." मला हसू फुटलं. तिला वाटलं, आजी लाजली.

लाजायचं वय होतं तेव्हा मी लाजले, म्हणून तर घोटाळा झाला. तेव्हा मी वीस वर्षांची होते. इतकी मूर्ख बाई मी त्यानंतर पाहिली नाही, आणि पाहिल्यात बऱ्याच.

बाहेर चैत्र संपत आलाय. आमच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन नुसतं पडून आहे, फुकट. एक कुरडई नाही, पापड नाही, जुन्या धोतरावर ओळीनं घातलेले सांडगे नाहीत. असं ऊन वाया जाताना बघितलं की मला अजून चुटपुट लागते. सोलापूरच्या त्या गल्लीत उन्हाचा एक कोपरा कुणी मोकळा सोडत नसे. बाजा, पाट्या, पत्रे, शेजारणीच्या भिंतीची कड, जिथं ऊन तिथं काहीतरी वाळत घातलेलं. आणि त्या सगळ्या वाळवणाच्या मिठाची मालकी एकाच बाईकडे होती. आमच्या आत्याबाईंकडे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या नातेपुत्याकडच्या, मी बार्शीची. मी मॅट्रिक झालेली, आणि ते कुणी विसरू नये म्हणून दिवसातून एकदा तरी आठवण करून देणारी. घरात माणसं तीन: आत्याबाई, हे आणि मी. हे गिरणीत टाइमकीपर. घर गिरणीमागच्या गल्लीत, दोन खोल्या, मागं मोरी, वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की तड् तड् वाजायचा. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, वर कुणी चालतंय.

उन्हाळा लागला की गल्लीतल्या घरांचे वार ठरायचे. सोमवारी हिच्या घरचे पापड, मंगळवारी तिच्या. ज्या घरचा वार, त्या घरी सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. पण लाटायला बसायच्या आधी पीठ तयार झालं की आत्याबाईंना बोलावणं यायचं. त्या पदर खोचून जायच्या, परातीतला नखाएवढा गोळा जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. साऱ्या बायका गप्प. "चिमूटभर आणि," नाहीतर "बास, आता हात लावू नगंस." एवढंच. त्यांनी हो म्हटल्याशिवाय गल्लीत एक लाटी पडत नसे. शेजारची नरसम्मा हातमागवाल्यांच्या घरातली, पापडाला अप्पडम म्हणणारी, मुलखाची भांडकुदळ. पण मिठाच्या बाबतीत तीसुद्धा आत्याबाईंपुढं मान तुकवायची. "अय्यो, तुमची जीभ इथंच ठेवून जा की," असं ती त्यांना म्हणायची.

त्या वर्षी होळीच्या सुमारास आत्याबाईंचा चेहरा भरला. सकाळी उठायच्या तेव्हा डोळ्यांखाली गुबगुबीत, गाल वर आलेले. मी काय केलं असेल? मी खूश झाले. सून आली आणि सासू बाळसं धरायला लागली, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? मी बार्शीला आईला पत्रात लिहिलं की माझ्या हातचं आत्याबाईंना मानवलंय. संध्याकाळी त्यांचे पाय चेपायला बसले की घोट्यावर अंगठ्याचे खड्डे उठायचे आणि तसेच राहायचे. मला वाटलं, अंगावर मांस चढलं की असंच होत असणार. मोरीत त्या जाऊन आल्या की फेस दिसायचा. मी स्वतःलाच बोल लावला, धुण्याचा सोडा नीट वाहून जात नाही, दोन तांबे जास्त ओतत जावेत. फेस, खड्डे, डोळ्यांखालचे फुगे, तिन्ही गोष्टी माझ्या रोजच्या नजरेखालच्या. मॅट्रिकला शरीरशास्त्राचा धडा होता. त्यातल्या मूत्रपिंडाच्या आकृतीला मी जांभळी पेन्सिल फासली होती आणि बाईंनी शाबासकी दिली होती.

मग एके दिवशी आत्याबाईंच्या हातातल्या बांगड्या निघेनात, आणि हे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. बरोबर मी.

दवाखाना नवी पेठेत, एका कापडाच्या दुकानावर. जिना चढताना आत्याबाई दोनदा थांबल्या. डॉक्टर सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी आत्याबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला आणि खड्ड्याकडे नुसते बघत राहिले. मला ओशाळं वाटलं. तो खड्डा माझ्या ओळखीचा होता.

लघवी तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, पापडाचं पीठ तुम्ही वस्त्रगाळ करता ना?"

"करतो की. मलमलीच्या फडक्यातनं."

"ते फडकं विसविशीत झालं तर?"

"भरड खाली येती. पापड खडबडीत व्हत्यात."

"तुमच्या पाठीत दोन बाजूंना अशी दोन फडकी आहेत. मुठीएवढी, घेवड्याच्या दाण्यासारखी दिसणारी. सगळं रक्त त्यातून गाळून निघतं. नको असलेलं पाणी आणि घाण खाली जायची, कस वर राहायचा. तुमचं फडकं विसविशीत झालंय. कस लघवीतून चाललाय. तो फेस त्याचाच. कस गेला की पाणी अंगात थांबतं, आणि मीठ खाल्लंत की आणखी थांबतं."

"मग फडकं बदला की," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "ते बदलायची सोय आपल्याकडे नाही. गोळ्यांनी वीण घट्ट होते का बघू. पुष्कळांची होते. नाही झाली आणि फडकंच फाटलं, तर मुंबईला यंत्रं आहेत म्हणतात रक्त बाहेर काढून गाळणारी. तिथं सगळ्यांना जागा मिळत नाही. तिथवर जायचं नाही, एवढं ठरवू."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. आत्याबाईंनी विचारलं ते एकच, "मीठ किती दिस बंद?"

"पूर्ण बंद. पापड, लोणचं, चटणी, सांडगे, सगळं. पाणी दिवसाला दीड तांब्या, चहा-ताक धरून."

सोलापूर, चैत्र महिना आणि दीड तांब्या पाणी. ज्यांनी तो उन्हाळा सोसलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी नाही सोसला, त्यांनी दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून माठाकडे बघत राहावं. आत्याबाई सकाळी तांब्या मोजून घ्यायच्या, वर फुलपात्र पालथं घालायच्या आणि तो उशाशी ठेवायच्या. घोट घ्यायच्या तो जिभेवर फिरवत बसायच्या. मी मागच्या दारी जाऊन पाणी प्यायचे, माठावरच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते पदरानं धरून. तरी त्यांना कळायचंच. "पी बाई, पी. चोरून कशापायी? तुजी फडकी धड हायेत."

आणि अळणी जेवण. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांच्या भाकरीचा तुकडा मोडत नसे, त्यांच्या ताटात मी बिनमिठाचं वरण वाढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, "भिंत चाटल्यावानी लागतंय." मग रोज मी काही ना काही युक्ती लढवायची. जिरं भाजून, लसूण ठेचून, लिंबू पिळून, कोथिंबिरीची देठं वाटून. आज मी स्वतः तेच जेवते, कारण माझीही फडकी आता जुनी झालीत, आणि मला ते बरं लागतं. पण त्यासाठी पन्नास वर्षं सराव लागला. त्यांना एका दिवसात करायचं होतं.

बोलावणी मात्र थांबेनात. नरसम्मा दारात येऊन उभी राहायची, मग आठवून जीभ चावायची. आत्याबाई म्हणायच्या, "जिभंवर ठिऊन थुकीन की." एकदा गेल्यासुद्धा. डोळे मिटले, आणि गोळा गिळून टाकला. घरी येऊन मला म्हणाल्या, "थुकता न्हाई आलं गं. अन्नाला कसं थुकायचं?" त्यानंतर जाणं बंद केलं. गल्लीतले पापड त्या वर्षी कुठं खारट, कुठं मिळमिळीत. बायका एकमेकींच्या मिठावरून भांडल्या.

गोळ्या सुरू होऊन महिना होत आला, तेव्हा डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितली. किती कस जातोय ते मोजायचं, आणि त्यावरून गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या ते ठरवायचं. हे खिडकीबाहेर बघत होते, म्हणून सूचना मला मिळाल्या. "सूनबाई, हे काम तुमचं. सगळं त्या मापावर अवलंबून आहे." मी मान डोलावली. मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं कळायला काय झालं?

मोठी, झाकणाची, स्वच्छ बरणी घरात एकच होती. लिंबाच्या लोणच्याची. लोणचं बंद झालं म्हणून रिकामी. काचेवर मधोमध निळ्या फुलांची एक पट्टी. उकळत्या पाण्यानं ती तीनदा धुतली, वाळवली, मोरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर ताटली झाकली. आत्याबाईंना फार जड गेलं. टमरेलातून बरणीत ओतताना म्हणायच्या, "काय दिस आले गं. ह्या बरणीत मी शंभर लिंबं घातलीती."

आणि नेमका त्याच दिवशी आमच्या घरच्या पापडांचा वार.

मी म्हटलं, "पापड पुढं ढकलू." आत्याबाई उसळल्या. "माझ्या घरचा वार चुकायचा न्हाय. मी खात न्हाय म्हणून माझं लेकरू पापड न्हाय खायचं व्हय?" दुपारी बायका जमल्या. आठ पोळपाटं, आठ लाटणी, मधोमध तेल लावलेल्या लाट्यांचा ढीग. मीठ कुणी बघितलं नाही. अंदाजानं घातलं. आत्याबाई भिंतीला टेकून, सुजलेले पाय पदराखाली घेऊन नुसत्या बघत होत्या. एकीनं विचारलं, "आत्याबाई, येवढं काय आजारपण हो? तोंड तर कसं भरलंय." मी लाटण्याकडे बघत राहिले.

तीन वाजले असतील. नरसम्मा पिठाचे हात धुवायला उठली आणि मोरीकडे वळली.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. माझ्या डोळ्यांपुढं नरसम्माची ताटली उचललेली आकृती आली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर फिरलेली गोष्ट आली. "जरा थांबा, मी मोरी साफ करते," असं ओरडत मी तिच्या पुढं धावले, दार लोटलं, बरणी उचलली आणि ओतून दिली. वर दोन बादल्या पाणी टाकलं. बरणी विसळून पालथी घातली. घर कसं लख्ख ठेवावं ते बार्शीच्या मुलीकडून शिकावं. नरसम्मा हात धुऊन गेली. मग मी पालथ्या बरणीकडे बघितलं.

सकाळपासूनचं, निळ्या पट्टीपर्यंत भरलेलं. गेलं.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? आत्याबाईंना सांगितलं असतं, उद्या पुन्हा सुरुवात केली असती. एक दिवस उशीर, दुसरं काही नाही. पण मी शहाणी नव्हते, मॅट्रिक होते. हे काय म्हणतील, डॉक्टर काय म्हणतील, एवढं साधं काम हिला जमलं नाही. मला माहेरी पाठवतील. आणि मग डोक्यात तो विचार आला. एकाच घरातल्या दोन बायका, एकाच चुलीवरचं जेवण. लघवी ती लघवी. बरणीला काय कळणार?

त्या संध्याकाळी मी पाणी प्यायले. इतकं पाणी मी आयुष्यात कधी प्यायले नाही. माठावर उभी राहून तांब्यावर तांब्या. आत्याबाई पलीकडे आपला शेवटचा घोट जपून ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पापड लाटून लई दमलीस बग. पी, पोटभर पी." मी आणखी एक तांब्या प्यायले. दिवे लागायच्या वेळेपर्यंत बरणी पुन्हा निळ्या पट्टीला आणली. अगदी फुलाच्या पाकळीला पाकळी जुळवून. तिथून पुढचं सकाळपर्यंतचं आत्याबाईंचं.

तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच हसले. "कस जाणं निम्म्यावर आलंय. गोळी लागू पडली." त्यांनी गोळ्या निम्म्या केल्या. भाजीत चिमूटभर मीठ चालेल म्हणाले. ह्यांनी जिन्यातच आईचा हात धरला. आत्याबाई उतरताना एकदाही थांबल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मिठाच्या बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. गल्लीला वर्दी गेली. नरसम्मा धावत आली. "माझं पीठ अजून तसंच ठेवलंय तुमच्यासाठी!"

मी काय केलं? मी भाजीत चिमूटभर मीठ घातलं.

त्यानंतरचे दिवस मला आजही एकेक करून आठवतात. सकाळी त्या उठायच्या आधी मी उठायचे आणि त्यांच्या डोळ्यांखाली बघायचे. आज फुगवटा कालच्याइतकाच आहे की जास्त? स्वतःला सांगायचे, निम्मं माझं होतं हे खरं, पण त्यांचंही सुधारलं असेलच की. गोळ्या महिनाभर घेतल्यात. संध्याकाळी पाय चेपायला बसले की घोट्याच्या वर अंगठा दाबायचा आणि मनात मोजायचं. खड्डा भरून यायला पहिल्या दिवशी वीसपर्यंत आकडे लागले. मग तीस. एकदा मी साठावर मोजणं सोडून दिलं. खड्डा तसाच, बोटाच्या पेराएवढा, आणि आत्याबाई वरून म्हणतायत, "आज लई मन लावून चेपतीयास गं." पत्रा तडतडला की मी दचकायचे.

मोरीतला फेस आता मला सोड्याचा वाटत नव्हता.

मग एका सकाळी त्या आडव्या झाल्या की धाप लागायची म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे. डोळे फटीएवढे उरलेले. हे टांगा घेऊन आले. आम्ही त्यांना नवी पेठेत नेलं.

डॉक्टरांनी आधीचा कागद समोर ठेवला. पेनच्या टोकानं त्यावर टकटक करत राहिले. "हे जुळत नाही. कस जाणं कमी झालंय आणि सूज वाढलीय. म्हणजे आजार मला वाटला तो नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "पुण्याला न्या. तिथं पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढतात, तपासतात. धोका असतो, आतून रक्त जाऊ शकतं. पण ह्या कागदानंतर माझ्याकडे दुसरा मार्ग नाही."

आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या, "टोचू द्या. न्हाईतरी किती दिस..."

खाली दुकानात कुणीतरी कापड फाडलं. तो टर्रकन आवाज मला अजून ऐकू येतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, ती सगळी लघवी आत्याबाईंची नव्हती."

"मग कुणाची होती?"

"निम्मी माझी."

हे वरच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. मी सगळं सांगितलं. पापडांचा वार, नरसम्मा, दोन बादल्या, माठ, निळी पट्टी. वाटलं, कुणी ओरडलं तर बरं. डॉक्टर ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कळतंय का? त्या कागदावर भरवसा ठेवून मी ह्यांच्या गोळ्या निम्म्या केल्या. आज तुम्ही बोलला नसतात, तर मी ह्यांना पाठीत सुई घालून घ्यायला पाठवलं असतं."

मी मान हलवली. कळत होतं. मी तिथंच फरशीवर बसले.

डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी फाडली. गोळ्या पहिल्याइतक्या केल्या, लघवी सुटायची एक जादा गोळी दिली, मीठ पुन्हा बंद. धाप उतरली की पुन्हा चोवीस तासांची बरणी. "ह्या वेळी मोरीला कुलूप लावा," ते म्हणाले, आणि त्यातही हसले नाहीत.

आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मी वाढायचे, त्या जेवायच्या. मी पाय चेपायला बसले तर पाय मागं घ्यायच्या नाहीत, पण वरून आवाज यायचा नाही. ह्यांनी एकदाच विचारलं, "अगं, पण तुला हे सुचलं तरी कसं?" मी म्हटलं, "शाळेत मिश्रणाचा धडा होता." ते घाईनं बाहेर गेले. मागच्या दारी त्यांचा खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत होता.

सूज उतरायला लागली. आधी डोळे उघडले, मग घोटे दिसायला लागले. दुसऱ्या बरणीच्या दिवशी मी पहाटेच उठले, तर आत्याबाईंनी ती स्वतःच उचलून मोरीत ठेवली होती आणि दारापाशी पाट टाकून बसल्या होत्या, राखणीला.

आता आज मागं वळून बघताना पुढचं सगळं मला ठाऊक आहे. त्या बरणीचा कागद वाईट आला, पण खरा आला, आणि डॉक्टरांनी त्यावर पुढचे सगळे महिने बेतले. वीण पूर्वीसारखी घट्ट कधीच झाली नाही. पण फडकं फाटलंही नाही. आत्याबाई अळणी जेवत, तांब्या मोजत, पायावर स्वतःचाच अंगठा दाबून बघत पुष्कळ वर्षं जगल्या. माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी पंगतीला स्वतःचं बिनमिठाचं वरण डब्यातून आणलं होतं. हा आजार पाहुण्यासारखा येऊन जात नाही, तो घरातल्या माणसासारखा राहतो आणि त्याच्या खाण्यापिण्याचं बघावं लागतं, हे मला त्यांच्या ताटाकडे बघून कळलं. माझा कॅन आत्ता न्हाणीघरात आहे. त्यावर मी चिठ्ठी चिकटवलीय: "हात लावू नये. भर घालू नये." नात म्हणते, आजी, भर कोण घालणार आहे? मी म्हणते, घालणारे असतात.

पण त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी चुलीपाशी बसून लसूण सोलत होते. मोरीच्या दाराशी आत्याबाई पाटावर, पाठ माझ्याकडे. तेवढ्यात दारात नरसम्मा आली. सांडगी मिरची भरायची होती, ताकातलं मीठ कुणी बघायचं म्हणून. आत्याबाईंना तसं बघून ती दारातच घुटमळली आणि ओशाळून म्हणाली, "असू द्या. अंदाजानं घालते."

आत्याबाई वळल्या. सहाव्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या. "जा, तिच्या घरचं मीठ बघून ये. आजपास्नं गल्लीचं मीठ तू बघायचं. तुझी जीभ खरं बोलली, तिच्यावर माझा भरवसा हाय. बरणीवर न्हाय."